निवृत्तांनी संघाचे सभासद व्हावे काय?

माणूस नोकरीतून निवृत्त झाला, की पहिल्या वर्षात दोन प्रकारची माणसे त्याच्या दारी हमखास येतात. फंडाच्या आलेल्या रकमेचे काय करावे, हे न विचारता सांगणारी एक. आणि हातात पावतीपुस्तक घेऊन येणारी, ज्येष्ठ नागरिक संघाची अगर पेन्शनरांच्या संघटनेची मंडळी ही दुसरी. पहिल्यांना वाटेला कसे लावावे, हे अनुभवी गृहस्थाला ठाऊक असते. दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र त्याची पंचाईत होते. आलेली माणसे ओळखीची असतात, काम चांगले करतात असे ऐकलेले असते, वर्गणीही काही मोठी नसते. तरी मनात प्रश्न राहतोच : हे पैसे देऊन मला मिळणार काय? मग "पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणून वेळ मारून नेली जाते. आज आपण या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू.

आमच्या महाविद्यालयातील एक हेडक्लार्क काही काळापूर्वी निवृत्त झाले. उभा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला. त्यांनी मला गाठून विचारले, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, तेव्हा सरळ हिशेबानंच सांगा. वर्षाला दोनशे रुपये वर्गणी. बरं, यांनी भांडून पेन्शन वाढवून आणली, तर ती मलाही मिळणारच ना? मी सभासद असलो काय अन् नसलो काय! मग मी पावती फाडायची कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक जुना खटला पाहू, म्हणजे उत्तर नीट कळेल.

केंद्र सरकारने १९७९ साली निवृत्तिवेतन मोजण्याची पद्धत सुधारली. नवी पद्धत फायद्याची होती. परंतु ती ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केली गेली. म्हणजे दोन माणसांनी सारखीच नोकरी केली, सारखाच पगार घेतला. पण त्यातला एक त्या तारखेच्या आदल्या दिवशी घरी बसला आणि दुसरा त्या तारखेला, एवढ्यावरून दोघांच्या पेन्शनीत जन्मभराचा फरक! संरक्षण खात्यातून १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नाकारा हे याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर आणखी एक निवृत्त गृहस्थ होते, आणि तिसरी अर्जदार होती 'कॉमन कॉज' ही एच. डी. शौरी यांनी चालविलेली दिल्लीची नोंदणीकृत संस्था. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. तो न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिला. तारखेची ही भिंत राज्यघटनेच्या १४व्या कलमातील समानतेला धरून नाही, असे ठरले. आणि निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे, हे तत्त्व ठामपणे सांगितले गेले. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात तो यामुळे.

या निकालातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या संस्थेला या भांडणात पडण्याचा अधिकारच काय, हाही मुद्दा न्यायालयापुढे होता. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे, की वयामुळे आणि पैशांच्या अडचणीमुळे पुष्कळ पेन्शनरांना एकट्याने न्यायालयाची पायरी चढणे झेपणारे नाही. तेव्हा त्यांच्या वतीने अशी संस्था दाद मागू शकते. थकलेल्या एकट्या माणसाला जे झेपत नाही, ते दहा जणांनी मिळून करावे, ही साधी गोष्ट इथे देशाच्या वरिष्ठ न्यायालयाने मान्य केली.

आता हेडक्लार्कांच्या प्रश्नाकडे वळू. नाकारा खटल्याचा फायदा कोणाला झाला? ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांना झाला, आणि ज्यांनी त्या खटल्याचे नावही ऐकले नव्हते, त्यांनाही झाला. गावातल्या सार्वजनिक विहिरीचा गाळ काढला, की पाणी सगळ्या गावाला मिळते. गाळ काढायला कोण उतरले होते, हे विहीर विचारत नाही. मग शहाणा माणूस म्हणतो, मी कशाला उतरू? आणि असे सगळेच शहाणे निघाले, की विहीर तशीच राहते. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली एक ग्रंथ लिहून हेच शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. त्याचे म्हणणे असे, की समूह जितका मोठा आणि फायदा जितका सर्वांचा, तितकी प्रत्येकाची मागे राहण्याची ओढ अधिक. म्हणून मोठ्या संघटनांना सभासदांपुरता काहीतरी वेगळा फायदा ठेवावा लागतो. आपल्याकडच्या संघांच्या सहली, मासिके, दिवाळीचा फराळ, रक्त तपासणीतील सवलत, वाढदिवसाचे गुलाबाचे फूल, हा सगळा तोच गूळ. त्यात वाईट काही नाही. पण सभासद व्हावे की नाही, याचा निर्णय गुळाच्या खड्यावरून करू नये, एवढेच.

सवलतींची बेरीज करून त्यातून वर्गणी वजा केली, तर हिशेब कधी चार रुपये पुढे, कधी चार रुपये मागे असा येईल. त्या हिशेबात खरी बाब धरलेलीच नसते. आपण ज्या कामाला हात लावायचा, ते काम आपल्यासारख्यांच्या वर्गणीवाचून आणि वेळेवाचून अडेल काय, आणि ते काम हा संघ खरोखर करतो काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

संघ म्हटले, की सारे एका जातीचे नसतात, हेही पाहिले पाहिजे. पहिली जात गल्लीतल्या, पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघांची. इथे सकाळचा व्यायाम, संध्याकाळची बैठक, व्याख्यान, भजन, कॅरम चालते. एकट्या पडलेल्या माणसाला याचे मोल फार असते, आणि त्याचा हिशेब रुपयांत होत नाही. दुसरी जात खात्याखात्यांच्या पेन्शनर संघटनांची : रेल्वे, टपाल, बँका, जिल्हा परिषदेचे शिक्षक वगैरे. निवृत्तिवेतनाची निश्चिती, थकबाकी, कुटुंब निवृत्तिवेतन, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, ही त्यांची कामे. तिसरी जात महासंघांची. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' या नावाने ओळखला जाणारा महासंघ आहे. स्थानिक संघांचे म्हणणे एकत्र करून सरकारपुढे मांडणे हे अशा महासंघाचे काम. आपल्याला करमणूक हवी आहे, खात्याकडे अडलेले काम सोडवायचे आहे, की सगळ्याच वृद्धांचा कैवार घेणाऱ्या कामात वाटा उचलायचा आहे, हे आधी मनाशी ठरवावे. भजनाच्या संघाने मंत्रालयात मोर्चा नेला नाही म्हणून रुसण्यात अर्थ नाही.

आता कोणी म्हणेल, "मला ना सरकारशी भांडायचं आहे, ना सहलीला जायचं आहे. माझं पेन्शन सुरळीत आहे." त्यांच्यासाठी कायद्यातील एक तरतूद सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा कायदा २००७ साली झाला. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःच्या मिळकतीतून निर्वाह होत नसलेल्या माणसाला त्या कायद्याखाली मुलांकडून, आणि अपत्य नसेल तर मालमत्ता ज्यांच्याकडे जाणार आहे अशा नातेवाइकांकडून, निर्वाहखर्च मागता येतो. दाद मागायची ती न्यायाधिकरणाकडे. त्याचा प्रमुख उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्याला प्रांत म्हणतो, त्याच्यापेक्षा खालच्या दर्जाचा असता कामा नये. सांभाळ करण्याच्या अटीवर घर लिहून दिले आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेण्याचीही वाट या कायद्याच्या तेविसाव्या कलमात आहे.

पण अर्ज करायचा कोणी? ज्या म्हाताऱ्या बाईला मुलाच्या घरातच राहायचे आहे, तिने प्रांताच्या कचेरीत मुलाविरुद्ध एकटीने जावे, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण. म्हणून पाचव्या कलमात अशी सोय आहे, की अर्जदार स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. आणि संस्था म्हणजे कायद्याने नोंदलेली कोणतीही स्वयंसेवी संस्था. आपल्या पेठेतला ज्येष्ठ नागरिक संघ नोंदलेला असेल, तर तो या व्याख्येत बसतो. ही वेळ आपल्यावर येऊ नये. पण शेजारच्या घरावर येते, तेव्हा कायदा माहीत असलेली, सोबत येणारी चार माणसे जवळ असणे केवढ्या उपयोगाचे, हे ज्याच्यावर आले तोच जाणे. अशी माणसे आयत्या वेळी बाजारात मिळत नाहीत. ती आधीपासून जमवून, टिकवून ठेवावी लागतात. वर्गणी जाते ती बव्हंशी या टिकवण्यात.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पावतीपुस्तकवाल्यांचा वकील ठरेन. संघटना केली म्हणजे मागणी मान्य झालीच, असे नाही. रेल्वेच्या भाड्यात साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये ती थांबवली गेली. साथ ओसरली, गाड्या भरभरून धावू लागल्या, २०२४ सालापर्यंत निवेदनांमागून निवेदने गेली, संसदेत प्रश्न विचारले गेले. पण त्या सालापर्यंत सवलत काही परत आली नव्हती. कारखान्यांत आणि खाजगी नोकऱ्यांत आयुष्य काढलेल्यांना १९९५च्या भविष्यनिधी योजनेखाली जे निवृत्तिवेतन मिळते, त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरली. ती वाढावी म्हणून या पेन्शनरांनी मोर्चे काढले, बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. दहा वर्षांनी, २०२४ सालीही, किमान रक्कम १,००० रुपयेच होती. तेव्हा वर्गणी भरताना यशाची हमी कोणी देत असेल, तर त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावे.

तसेच श्रेयाचे. एस.टी. महामंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला. सरकारी घोषणेला मागाहून पुष्कळ वडील लाभतात! एखाद्या संघाने "अमुक सवलत आम्हीच आणली" असे सांगितले, तर नम्रपणे विचारावे : निवेदन कोणत्या तारखेला दिले? उत्तर काय आले? प्रत दाखवता का? ज्याने काम केले असेल, त्याच्या कपाटात फाइल सापडते. ज्याच्याकडे केवळ मंत्र्यांबरोबरचे छायाचित्र सापडेल, त्याचे मोल त्या मानाने धरावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशाचा. संघ कोणाच्या पैशावर चालतो? याबाबत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. एथेल पर्सी अँड्रस या लॉस एंजेलिसच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त शिक्षकांचे हाल पाहून त्यांनी १९४७ साली त्यांची संघटना काढली. म्हाताऱ्या माणसांचा आजारपणाचा विमा उतरवायला त्या काळी विमा कंपन्या तयार नसत. अँड्रसबाईंनी खटपट करून सभासदांसाठी असा विमा मिळवला. तो पाहून शिक्षक नसलेलेही मागणी करू लागले, तेव्हा १९५८ साली सर्वांसाठी 'एएआरपी' ही संस्था निघाली. आज ती जगातील वृद्धांच्या सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक आहे; पन्नाशी गाठली, की सभासद होता येते, आणि वर्गणीही थोडी. परंतु या संस्थेला वर्गणीपेक्षा कितीतरी अधिक पैसा मिळतो तो विमा कंपन्या वगैरेंनी तिचे नाव वापरल्याबद्दल दिलेल्या मोबदल्यातून. म्हणून टीकाकार विचारतात, की विम्यासंबंधी एखादा कायदा आला, तर ही संस्था बाजू घेणार ती सभासदांची की कंपन्यांची? २००३ साली औषधांच्या खर्चासंबंधीच्या एका वादग्रस्त कायद्याला संस्थेने पाठिंबा दिला, तेव्हा हजारो सभासदांनी सभासदत्व सोडले. संस्थेने चांगले कामही पुष्कळ केले आहे. पण ज्याचा पैसा मोठा त्याचा आवाज मोठा, हे सगळीकडे लागू.

आपल्याकडे याचे रूप लहान असते, इतकेच. संघाच्या बैठकीत एखादे रुग्णालय मोफत तपासणी शिबिर घेते, कोणी ठेव योजनेचा एजंट चहापाण्याचा खर्च उचलतो आणि शेवटी दहा मिनिटे "माहिती" देतो. ऐकणाऱ्याला वाटते, संघानेच शिफारस केली, म्हणजे योजना खात्रीची. वृद्धाची पुंजी एकदा गेली, की ती परत कमावायला पुढे वर्षे उरलेली नसतात. ज्या संघाच्या व्यासपीठावर ठेवी आणि विमे विकले जातात, तिथे बैठकीला जावे, गप्पा माराव्यात, पण चेकबुक घरी ठेवून जावे.

मग संघ पारखावा कसा? महाराष्ट्रात अशा संस्था बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. दरवर्षी हिशेब तपासून घेणे आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करणे हे अशा संस्थेचे कर्तव्य आहे. कार्यकारिणी बदलली, की ९० दिवसांत तिथे तसे कळवावे लागते. याला व्यवहारात 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तेव्हा नवख्या माणसाने चार गोष्टी विचाराव्यात : नोंदणी क्रमांक काय, मागच्या वर्षीचे तपासलेले हिशेबपत्रक कुठे पाहायला मिळेल, वार्षिक सभा झाली काय आणि तिला किती माणसे होती, आणि अध्यक्ष किती वर्षे तेच आहेत. या प्रश्नांनी ज्यांच्या कपाळाला आठी पडेल, तिथे आपली वर्गणी न गेलेली बरी. आणि जिथे चिटणीस आनंदाने म्हणेल, "या की, बसा, हे बघा दप्तर," तिथे निम्मी परीक्षा झाली असे समजावे. आमच्या हेडक्लार्कांना मी हेच सांगितले, आणि वर म्हटले, की चांगल्या संघाला दोनशे रुपयांपेक्षा तुमच्यासारखा जमाखर्च जाणणारा माणूस अधिक हवा असतो.

शेवटी एक गोष्ट, जी पावतीपुस्तकात कुठेच लिहिलेली नसते. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा. यांतल्या पेन्शनरांच्या संघटना आहेत, कारण त्यांना निवेदन लिहिता येते आणि वर्गणी परवडते. शेतमजूर, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया म्हाताऱ्या होतात, तेव्हा त्यांच्या दारी कोणी पावतीपुस्तक घेऊन जात नाही. गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनात माणसामागे केंद्र सरकारचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे २०२४ सालीही तो २०० रुपयेच होता. राज्याने आपली भर घालून महाराष्ट्रात ही रक्कम २०२३ साली १,५०० रुपये केली. हमालांची संघटना बांधणारे पुण्याचे बाबा आढाव आणि राजस्थानात काम केलेल्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली 'पेन्शन परिषद' उभी राहिली, ती असंघटित कष्टकऱ्यांनाही म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे म्हणून. आपला संघ केवळ आपल्या भत्त्याचे पाहतो, की आपल्या घरी वीस वर्षे राबलेल्या बाईच्या म्हातारपणाचा अर्जही भरून देतो, यावरूनही त्याची किंमत करावी. माझ्या पिढीतले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेले पुष्कळ लोक, जुन्या पद्धतीच्या निवृत्तिवेतनाच्या बाहेर पडले. तेव्हा "पेन्शनवाले" आणि "बिनपेन्शनवाले" हा भेद पुढे दिसतो तितका लांबचा राहणार नाही.

तर मग करावे काय? आजीव सभासदत्वाची मोठी रक्कम एकदम भरू नये. आधी दोन-तीन बैठकांना पाहुणा म्हणून जावे. वर सांगितलेले प्रश्न विचारावेत. उत्तरे पटली, तर एका वर्षाची वर्गणी भरावी आणि त्याबरोबर आठवड्याचे दोन तासही द्यावेत : कोणाचा हयातीचा दाखला भरून देणे, कोणाबरोबर प्रांताच्या कचेरीत जाणे, एखादे पत्र लिहिणे. वर्षअखेर पुन्हा विचार करावा. ज्याला प्रकृतीमुळे वेळ देता येत नाही, त्याने नुसती वर्गणी दिली तरी ती वाया जात नाही. कारण "आमचे पाचशे सभासद आहेत" या वाक्याला कचेरीत जे वजन आहे, ते "आम्ही पंधरा जण आहोत" याला नाही.

आणि आसपास धड संघच नसेल तर? संस्था नोंदणी कायद्याला संस्था काढायला सात माणसे पुरतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्या कट्ट्यावर तेवढी माणसे रोज बसलेली असतात.